एम.फार्म.चा प्रवेश : आधी प्रयोगशाळा पाहावी, मग शाखा ठरवावी

औषधनिर्माणशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणाविषयी, म्हणजे सर्वांच्या बोलण्यात असलेल्या एम.फार्म.विषयी, इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात छापले आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधे शरीरावर कशी क्रिया करतात याचे शास्त्र, मनापासून आवडते. पण सिनियर सांगतात की क्वालिटी ॲश्युरन्सच घे, नोकऱ्या तिथेच आहेत. कोणती शाखा घ्यावी? (एक विद्यार्थिनी, लातूर)

तुमच्या सिनियरांचे म्हणणे चुकीचे नाही, मात्र ते अपुरे आहे. महाराष्ट्रात आणि शेजारच्या गोव्यात औषध कारखान्यांची दाटी आहे. तारापूर-बोईसर, महाड, कुरकुंभ, वाळूज किंवा वेर्णा येथील कोणत्याही औषध कारखान्यात गेलात तरी तिथे गुणवत्ता विभाग असतोच, आणि कायद्याने तो असावाच लागतो. औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धती ठरवणाऱ्या शेड्यूल एमची सुधारित आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तेव्हापासून कागदपत्रांची शिस्त, जोखमीचे व्यवस्थापन आणि उपकरणांची वैधता ही कामे लहान कारखान्यांनाही गांभीर्याने करावी लागत आहेत. साहजिकच क्वालिटी ॲश्युरन्स आणि ॲनालिसिस या दोन शाखांच्या मुलांना पहिली नोकरी लवकर मिळते, आणि सिनियर मंडळी तेवढेच पाहून सल्ला देतात.

परंतु पहिली नोकरी लवकर मिळणे आणि ते काम पुढची पंचवीस-तीस वर्षे मन लावून करता येणे यांत बरेच अंतर आहे. गुणवत्ता विभागातील काम बारकाईचे आणि पुनरावृत्तीचे असते, आणि ते ज्याला आतून महत्त्वाचे वाटते त्यालाच पेलते. ते किती महत्त्वाचे आहे हे मुंबईने १९८६ साली पाहिले. जे. जे. रुग्णालयात रुग्णांना तोंडावाटे दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते आणि त्यामुळे १४ रुग्णांचे प्राण गेले. त्याची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी २०२२ मध्ये गांबियातील बालमृत्यूंच्या संदर्भात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जो इशारा दिला, त्यातही हेच द्रव्य होते. कच्चा माल पिंपातून वापरायला घेण्याआधी त्याची चाचणी करणे हे ज्या माणसाचे काम असते, त्याने ते केले की नाही यावर किती काही अवलंबून असते, हे गुणवत्ता शाखा घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे. हे वाचून तुम्हाला त्या कामाविषयी ओढ वाटली तर ती शाखा जरूर घ्या. केवळ सिनियर म्हणतात म्हणून मात्र घेऊ नका.

आता फार्माकॉलॉजीविषयी. या शाखेला कारखान्याच्या आवारात जागा कमी असतात, हे खरे आहे. तिच्या जागा अन्यत्र आहेत : प्राण्यांवरील पूर्वचाचण्या करणाऱ्या संशोधन संस्था, वैद्यकीय चाचण्यांचे व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्या, वैद्यकीय लेखन, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद व विश्लेषण करणारे फार्माकोव्हिजिलन्सचे क्षेत्र. शेवटच्या क्षेत्रात मुंबई-पुण्यात बरेच काम चालते, आणि तिथे रोगाची, औषधाच्या क्रियेची व परस्परक्रियांची जाण असणारी व्यक्ती लवकर पुढे जाते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अभ्यासक्रमात एम.फार्म.च्या दहा शाखा आहेत आणि त्यांपैकी आठ शाखांना पहिल्या सत्रात आधुनिक विश्लेषण तंत्रांचा एक पेपर समान आहे. फार्माकॉलॉजीही त्या आठांत येते. त्यामुळे एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र), एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (दोन्ही रेणू ओळखण्याची तंत्रे) यांची ओळख तुम्हाला होणारच. तो पेपर 'पहिल्या सत्राचा जाचक विषय' म्हणून उरकून टाकला नाही, तर पुढे दारे बंद होत नाहीत.

बाकीच्या शाखांविषयी थोडक्यात लिहितो, कारण अनेक पत्रांत हाच गोंधळ आहे. गोळी, कॅप्सूल, मलम, इंजेक्शन यांची घडण ज्याला खुणावते त्याने फार्मास्युटिक्स किंवा इंडस्ट्रियल फार्मसी घ्यावी. रेणूंची रचना आणि त्यांचे संश्लेषण ज्याला आवडते त्याने फार्मास्युटिकल केमिस्ट्री घ्यावी. वाचन, तर्कशुद्ध लेखन आणि नियमांचा कीस काढणे ज्याला जमते त्याच्यासाठी रेग्युलेटरी अफेअर्स ही फार चांगली शाखा आहे आणि तिच्याकडे आपली मुले अकारण कमी जातात. औषध बाजारात आणण्यासाठी पाच भागांचा जो सामायिक तांत्रिक दस्तऐवज सादर करावा लागतो, तो नीट रचणे हे वरवर कारकुनी दिसणारे, प्रत्यक्षात विज्ञानाची पक्की समज मागणारे काम आहे. फार्माकोग्नोसी, म्हणजे नैसर्गिक स्रोतांतील औषधांचे शास्त्र, या शाखेच्या जागा थोड्या आहेत. पण वनौषधींच्या प्रमाणीकरणात खरी आस्था असेल तर स्पर्धाही थोडीच आहे.

माझे मत विचाराल तर तुम्ही फार्माकॉलॉजी घ्यावी. मात्र त्याआधी ज्या महाविद्यालयात ती घेणार आहात तिथे प्राणिगृहाची नोंदणी चालू आहे का आणि संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे दोन प्रश्न विचारा. प्राण्यांवरील कोणताही प्रयोग या समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. समिती वर्षातून एकदाच बसत असेल, तर तुमच्या संशोधनाचे निम्मे वर्ष वाट पाहण्यात जाईल.

प्रश्न : जीपॅट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पात्र न होता एम.फार्म.ला प्रवेश मिळतो का? आणि पात्र झाल्यास शिष्यवृत्ती नक्की मिळते का? (वाचक, जळगाव; याच आशयाची आणखी काही पत्रे)

प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून जागा भरल्या जातात. जीपॅटचे गुण असलेल्या उमेदवारांना आधी प्राधान्य असते आणि उरलेल्या जागा बी.फार्म.च्या गुणांवर भरल्या जातात. बी.फार्म.ला किमान ५५ टक्के गुण ही कौन्सिलची अट आहे. राखीव प्रवर्गांसाठी ती शिथिल आहे. ज्याकडे मुलांचे नेहमी दुर्लक्ष होते अशी आणखी एक अट म्हणजे राज्य फार्मसी कौन्सिलकडील नोंदणी. ती प्रवेशाआधी किंवा प्रवेशानंतर एका महिन्याच्या आत झालेली असली पाहिजे, अन्यथा प्रवेश रद्द होऊ शकतो. बी.फार्म.चा निकाल हातात पडताच नोंदणीचा अर्ज भरा. शेवटच्या आठवड्यात धावाधाव नको.

जीपॅट ही परीक्षा २०२४ पासून राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ घेते. तीन तासांत १२५ प्रश्न सोडवायचे असतात; बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होतो. गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. म्हणजे शेवटच्या वर्षाला असतानाच ही परीक्षा चांगली देणाऱ्या मुलाला एखादे वर्ष नोकरी करूनही तेच गुण वापरता येतात. नायपर या औषधनिर्माण शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थांच्या सामायिक परीक्षेसाठीही जीपॅट पात्रता लागते. मोहाली, हैदराबाद, अहमदाबाद, कोलकाता, गुवाहाटी, हाजीपूर आणि रायबरेली अशा सात ठिकाणी या संस्था आहेत, आणि आपल्या मुलांनी त्यांचा विचार घराच्या अंतरामुळे सोडून देऊ नये.

शिष्यवृत्तीची बाब थोडी गुंतागुंतीची आहे. जीपॅटधारकांना दरमहा १२,४०० रुपयांची जी शिष्यवृत्ती मिळते, ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची आहे. विदर्भातील एका फार्मसी संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०२० रोजी निकाल दिला की फार्मसी शिक्षणाचे नियमन करण्याचा अधिकार फार्मसी कौन्सिलचा आहे. त्यामुळे फार्मसी महाविद्यालयाला तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता घेणे बंधनकारक राहिले नाही, पण शिष्यवृत्तीचा हात मात्र त्याच परिषदेचा राहिला. तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाला स्पष्ट विचारा की गेल्या वर्षी तुमच्या किती विद्यार्थ्यांच्या खात्यात ही रक्कम प्रत्यक्ष जमा झाली. 'मिळते, मिळते' हे उत्तर पुरेसे मानू नका; आधीच्या तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याशी बोलून खात्री करा. जीपॅट नसलेल्यांना ही शिष्यवृत्ती नाही, परंतु महाडीबीटीवरील शासनाच्या शुल्क प्रतिपूर्तीच्या योजना प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार पाहाव्यात. उत्पन्नाचा व जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र यांची तयारी मात्र उन्हाळ्यातच करून ठेवावी लागते.

प्रश्न : माझ्या मुलीला एम.फार्म. फार्मास्युटिक्ससाठी दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळण्याची शक्यता आहे. एक घराजवळचे खासगी, इमारत नवी आणि वसतिगृह उत्तम. दुसरे दूरचे आणि जुने, इमारतीची अवस्था साधारण. पण नाव आहे. पालक म्हणून निवड कशी करावी? (एक वडील, सातारा)

आपण फार योग्य वेळी विचारलेत, कारण बहुतेक पालक प्रवेश झाल्यावर विचारतात. आधी अभ्यासक्रमाची रचना लक्षात घ्यावी. एम.फार्म. दोन वर्षांचे, चार सत्रांचे असते. पहिल्या दोन सत्रांत तास आणि प्रात्यक्षिके असतात. तिसऱ्या सत्रात संशोधनपद्धती व जैवसांख्यिकीचा एक पेपर असतो, आणि बाकी सगळा वेळ व संपूर्ण चौथे सत्र हे मुलीच्या स्वतःच्या संशोधनाचे असते. याचा अर्थ असा की वर्गातील फळा, बाके आणि सभागृह यांचा तिच्या पदवीशी संबंध पहिल्या वर्षापुरता आहे. दुसरे वर्ष ती कोणत्या यंत्रासमोर आणि कोणत्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काढणार आहे, यावर या पदवीचे मोल ठरते.

म्हणून आपण मुलीसह एकदा दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जावे, आणि सुट्टीच्या दिवशी न जाता कामाच्या दिवशी जावे. प्राचार्यांच्या दालनातील चहा झाला की विनंती करावी की आम्हाला उपकरणांची खोली पाहायची आहे. तिथे एचपीएलसी यंत्र असेल. ते प्रत्येक ठिकाणी असतेच, कारण तपासणीसाठी ते लागते. यंत्राकडे पाहून आपल्याला काही कळणार नाही, म्हणून त्याच्या शेजारची नोंदवही पाहावी. तिच्यात तारीख, विद्यार्थ्याचे नाव, नमुना, वापरलेला स्तंभ (नमुन्यातील घटक ज्या नळीत वेगळे होतात ती), सुरू केल्याची व बंद केल्याची वेळ असे रकाने असतात. वही मळलेली असेल, निरनिराळ्या हस्ताक्षरांत रोजच्या नोंदी असतील, मध्येच कोणीतरी 'दाब वाढला, स्तंभ धुतला' असे लिहिलेले असेल, तर ते यंत्र चालते आणि मुले त्यावर स्वतः काम करतात असे समजावे. वही कोरी असेल, किंवा एकाच हस्ताक्षरात आणि एकाच शाईत महिनाभराच्या नोंदी सलग दिसत असतील, तर आपल्या मुलीला ते यंत्र काचेतून पाहायला मिळेल. वही दाखवायला कोणी खळखळ केली, तर तेही उत्तरच आहे.

फार्मास्युटिक्ससाठी आणखी एक यंत्र पाहावे : गोळी पोटात किती वेळात विरघळते याचा अंदाज देणारे विद्राव्यता चाचणीचे उपकरण. त्यात सहा भांडी असतात. बऱ्याच चाचण्यांत प्रत्येक भांड्यात ९०० मिलिलिटर द्रव ३७ अंश सेल्सिअसला ठेवून त्यात पाते ठराविक वेगाने फिरवले जाते. सहांपैकी सहाही पाती चालतात का, एवढे विचारावे. तीनच चालत असतील तर एक चाचणी दोनदा करावी लागते, आणि रांगेत दहा विद्यार्थी असले की त्या दोनदाचा अर्थ आठवडे असा होतो.

तिसरी वस्तू म्हणजे स्थिरता कक्ष. औषध किती काळ टिकेल याची वेगवर्धित चाचणी ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला सहा महिने चालते. हे सहा महिने कोणालाही चुकवता येत नाहीत. मुलीने तिसऱ्या सत्राच्या अखेरीपर्यंत सूत्र, म्हणजे औषधातील घटक आणि त्यांचे प्रमाण, पक्के करून नमुने त्या कक्षात ठेवले नाहीत, तर प्रबंध सादर करताना तिच्याकडे पूर्ण सहा महिन्यांची आकडेवारी नसेल. अनेक प्रबंधांत तीनच महिन्यांची आकडेवारी दिसते, त्याचे कारण बहुधा हेच असते. जिथे विषय दुसऱ्या सत्रातच ठरवला जातो आणि कच्चा औषधी घटक उन्हाळी सुट्टीत मागवून ठेवला जातो, तिथे ही अडचण येत नाही. तेव्हा विभागात विचारावे : विषय कधी ठरतो, औषधाचा शुद्ध नमुना कोण मिळवून देते, आणि रसायनांचा खर्च कोणाचा?

शेवटी ग्रंथालयात जाऊन मागील तीन-चार वर्षांचे प्रबंध उघडावेत. मुलीला ते समजतील. एकाच मार्गदर्शकाखालचे पाच प्रबंध औषधाचे नाव बदलून शब्दशः सारखेच दिसत असतील, तर त्या मार्गदर्शकाकडे नवा विचार नाही. उलट एखाद्या प्रबंधात न जमलेले प्रयोगही प्रामाणिकपणे मांडलेले असतील, आलेख हाताने तपासल्यासारखे वाटत असतील, आणि मागील विद्यार्थ्याच्या कामावरून पुढच्याने काही वाढवलेले दिसत असेल, तर तिथे मुलीला शिकायला मिळेल.

एवढे पाहून झाल्यावर जुनी इमारत आणि नवी इमारत हा प्रश्नच उरत नाही, असा माझा अनुभव आहे. महाराष्ट्रात सरकारी, अनुदानित आणि खासगी अशा तिन्ही प्रकारांत चांगल्या प्रयोगशाळा आहेत. मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था किंवा कालिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, आपल्याच जिल्ह्यात कराडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय, अशी नावे लोकांना ठाऊक आहेत. पण लहान गावांतही एखाददुसरा झपाटलेला प्राध्यापक उत्तम काम करून घेत असतो. त्याचे नाव जाहिरातीत नसते. ते त्याच्या माजी विद्यार्थ्यांकडून कळते. वसतिगृहाची सोय मुलीसाठी महत्त्वाची आहे हे मान्यच आहे. मात्र दुसऱ्या वर्षी तिला संध्याकाळी उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबावे लागेल, तेव्हा प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते आणि तिथून वसतिगृहापर्यंतचा रस्ता कसा आहे, हेही पाहून घ्यावे.

प्रश्न : मी बी.फार्म. करून एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल विभागात तीन वर्षे काम करतो आहे. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने एम.फार्म. करता येईल का? (वाचक, पालघर)

नाही. कौन्सिलच्या नियमांनुसार एम.फार्म. पूर्णवेळच करावे लागते. दूरस्थ पद्धतीची पदवी देऊ करणारी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत अनुभवी नोकरदारांसाठी प्रायोजित उमेदवारांची तरतूद असते. तुमच्या कंपनीने रजा आणि संमतीपत्र दिले तर ती वाट पाहा. तशी शक्यता नसेल, आणि तुम्हाला त्याच विभागात पुढे जायचे असेल, तर दोन वर्षांचा पगार सोडून एम.फार्म. करण्याची निकड मला दिसत नाही. पद्धतींची वैधता, अशुद्धींचे विश्लेषण, मास स्पेक्ट्रोमेट्री ही कामे मागून घ्या. २०१८ मध्ये व्हॉल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात नायट्रोसामीन वर्गातील अशुद्धी सापडल्यापासून अतिसूक्ष्म प्रमाणातील अशुद्धी शोधू शकणाऱ्या माणसांना मागणी आहे, आणि ते कौशल्य यंत्रावर बसूनच येते. संशोधन विभागात किंवा अध्यापनात जायची इच्छा असेल तर मात्र गणित बदलते. तिथे एम.फार्म. हवेच, आणि तीन वर्षांच्या अनुभवानंतर ते करणारा विद्यार्थी वर्गात सर्वांत जास्त शिकतो, असे मी पाहिले आहे.

प्रश्न : अमेरिकेत एम.एस. केल्यावर तिथे फार्मासिस्ट म्हणून काम करता येते का? एजंट तसे सांगतात. (विद्यार्थी, नाशिक)

येत नाही, आणि असे सांगणाऱ्या एजंटकडे पुन्हा जाऊ नका. अमेरिकेतील औषधनिर्माणशास्त्राचे एम.एस. ही संशोधनाकडे किंवा उद्योगाकडे नेणारी पदवी आहे. दुकानात किंवा रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून उभे राहण्याचा परवाना तिने मिळत नाही. त्यासाठी तिथली फार्म.डी. पदवी लागते, किंवा परदेशी पदवीधरांसाठीच्या तुल्यता परीक्षेची वाट धरावी लागते. ती वाट १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांसाठी पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम मागते, आणि आपली बी.फार्म. चार वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये निराळी व्यवस्था आहे : परदेशी फार्मासिस्टसाठीचा एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, त्यानंतर वर्षभराचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि नोंदणीची परीक्षा. खर्च मोठा आहे, पण मार्ग अधिकृत आहे. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क बहुतेक ठिकाणी नसते किंवा नाममात्र असते. त्याऐवजी निर्वाहाची रक्कम आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते, आणि भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र घ्यावे लागते. तुमचे उद्दिष्ट संशोधन असेल तर परदेशी एम.एस. जरूर करा. कर्ज काढण्याआधी मात्र त्या विद्यापीठातील ज्या प्राध्यापकाकडे काम करायचे आहे त्यांचे चार शोधनिबंध वाचा आणि त्यांना पत्र लिहा. परवान्याच्या आशेने घेतलेले पंचवीस-तीस लाखांचे कर्ज आई-वडिलांच्या डोक्यावर राहते.

प्रश्न : औषध निरीक्षक होण्यासाठी एम.फार्म. लागते का? (वाचक, वाशीम)

लागत नाही. औषधे नियम, १९४५ मधील नियम ४९ नुसार फार्मसीची पदवी पुरेशी आहे. लस, रक्तजल यांसारख्या विशिष्ट औषधांच्या कारखान्यांची तपासणी करण्यासाठी निर्मिती किंवा चाचणीचा १८ महिन्यांचा, अथवा तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. लोकसेवा आयोगाच्या प्रत्येक जाहिरातीतील अनुभवाची अट मात्र शब्द न् शब्द वाचावी. केवळ या पदासाठी एम.फार्म. करण्यापेक्षा ती दोन वर्षे कारखान्यातील अनुभवाला दिलेली बरी. शासकीय विश्लेषकाच्या पदाला मात्र पदव्युत्तर पदवीचा थेट उपयोग आहे. पदवीधराला औषधांच्या चाचणीचा पाच वर्षांचा अनुभव लागतो, तर पदव्युत्तर पदवीनंतर तीन वर्षांचा पुरतो. राज्याच्या औषध नियंत्रण प्रयोगशाळांत काम करण्याची ज्यांना इच्छा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्या पदाकडे चांगल्या मुलांनी वळावे असे मला फार वाटते.

प्रश्न : मी चौथ्या सत्रात आहे. माझ्या सूत्राचे निकाल अपेक्षेप्रमाणे येत नाहीत. प्रबंध महिनाभरात द्यायचा आहे आणि सिनियर म्हणतात, रीडिंग जुळवून टाक, सगळेच करतात. गाईडना सांगायची भीती वाटते. काय करू? (नाव-गाव न देण्याची विनंती)

रीडिंग जुळवू नका. हे मी केवळ नीतीच्या भूमिकेतून सांगत नाही. तुम्ही उद्या ज्या कारखान्यात जाल तिथे प्रत्येक इंजेक्शनची (यंत्रात नमुना सोडण्याची) वेळ, केलेला प्रत्येक बदल आणि तो करणाऱ्याचे नाव यंत्राच्या संगणकात आपोआप नोंदले जाते, आणि परदेशी तपासनीस सर्वांत आधी तीच नोंद उघडतात. आकडेवारीच्या सचोटीवरून भारतीय कारखान्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडून ताकीदपत्रे आली आहेत. ज्याच्या हाताला विद्यार्थीदशेत आकडे जुळवायची सवय लागते, तो पुढे रुग्णाच्या औषधाचे आकडेही जुळवतो.

शिवाय तुमचे काम वाया गेलेले नाही. अपेक्षित निकाल न येणे हाही निकाल आहे, मात्र तो का आला नाही हे दाखवता आले पाहिजे. आज-उद्या बसून कच्ची आकडेवारी तारखेनुसार लावा. विद्राव्यता चाचणीच्या सहाही भांड्यांतील आकडे एकमेकांजवळ आहेत आणि सगळेच अपेक्षेपेक्षा कमी आहेत, असे असेल तर दोष सूत्रात आहे. तो बहुलकाच्या (पॉलिमरच्या) प्रमाणात किंवा कणांच्या आकारात शोधता येईल. आकडे विखुरलेले असतील तर दोष पद्धतीत, नमुना काढण्यात किंवा यंत्रात असण्याची शक्यता जास्त. प्रमाण द्रावणाची, म्हणजे ज्याची तीव्रता आधीच माहीत आहे अशा द्रावणाची, सहा सलग इंजेक्शने यंत्रात देऊन पाहा. त्यांतील सापेक्ष प्रमाण विचलन (सहा आकड्यांतील तफावतीचे माप) दोन टक्क्यांपेक्षा जास्त आले तर आधी यंत्र तपासा, सूत्राला दोष देऊ नका. मग हे सगळे दोन पानांवर लिहून गाईडकडे जा. 'सर, निकाल येत नाहीत' असे म्हणून गेलात तर ते रागावतील. 'मॅडम, निकाल असे आले आहेत, मला ही तीन कारणे वाटतात, यांपैकी पहिले तपासायला दहा दिवस लागतील' असे म्हणून गेलात तर बहुतेक मार्गदर्शक तुमच्या बाजूने उभे राहतात. त्यांनीच आकडे जुळवायला सांगितले, तर विभागप्रमुखांना भेटा आणि सादरीकरणाची मुदत वाढवून मिळण्याचा लेखी अर्ज करा. विद्यापीठाकडे तशी सोय आहे का हे परीक्षा विभागात विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आणि कच्च्या नोंदींची वही तोपर्यंत कोणाच्याही हवाली करू नका.